देव्हाऱ्यातल्या फ्लॉप्या

एखाद्या गोष्टीची अर्धवट माहिती असली की माणूस त्याच विषयावर सगळ्यात जास्त बोलतो. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी फ्लॉप्यांवर फार बोलायचे. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून नुकतीच लागले होते, नोकरी अजून कच्ची होती आणि साहेबांनी मला एकटीला बंगळूरला पाठवलं होतं. हेब्बाळजवळच्या एका कारखान्याच्या गोदामासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहिला होता. तो तिथल्या कॉम्प्युटरवर चढवायचा आणि चालवून दाखवायचा. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर काय, हे साहेबांनी निघतानाच सांगितलं होतं. "फ्लॉप्यांना काही झालं, तर तू आपली आत्याकडेच राहा."

आत्या काकांबरोबर येलहंकाला राहायची. बेळगावची, लग्न होऊन बंगळूरला आली ती तिथलीच झाली. शेजारणी तिला अक्का म्हणत आणि तिच्या मराठीत दर तिसऱ्या वाक्याला एक कानडी 'स्वल्प', म्हणजे 'जरासं', यायचा.

फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढा प्लॅस्टिकचा चौकोन. त्याच्या कडेला पत्र्याचं एक सरकतं झाकण आणि झाकणाआड तपकिरी तबकडी. सगळं असायचं ते त्या तबकडीवर. तिला लोहचुंबक चालत नाही, धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं. झालं! रात्रीच्या व्हिडिओ बसमध्ये माझ्या सीटच्या वर स्पीकर होता. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, म्हणून मी एका सज्जन गृहस्थांना उठवून त्यांची जागा घेतली. त्यांना वाटलं, मला सिनेमा नीट दिसत नाहीये. मग ते बिचारे पहाटेपर्यंत मला सिनेमाची गोष्ट सांगत बसले.

मूळ फ्लॉप्यांबरोबर त्यांचा जोडसंचही नेला होता. एक संच बिघडलाच तर दुसरा हाताशी असावा, आणि दोन्ही दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत, असा नियम. आता वेगळे ठेवले तर एखादा हरवेल की नाही? म्हणून मी दोन्ही एकावर एक ठेवून एकाच रबरबँडने घट्ट बांधले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी स्वतः हाकत बंगळूरपर्यंत नेला.

आत्याच्या घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या मी सुरक्षित जागेची पाहणी सुरू केली. टीव्हीजवळ नको, रेडिओजवळ नको, फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाचा आंबा होता म्हणून स्वयंपाकघरही नको. आत्या माझ्या मागून पदराला हात पुसत फिरत होती आणि मी तिला व्याख्यान देत होते. शेवटी मला देव्हारा दिसला. तिथे ऊन नाही, वीज नाही, आंघोळ केल्याशिवाय कुणी हात लावत नाही. सुरक्षिततेच्या सगळ्या अटी देवाने आधीच पूर्ण करून ठेवल्या होत्या. गठ्ठा मीच माझ्या हाताने बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण आमच्या ऑफिसला सुट्टी फक्त दसऱ्याची. त्यामुळे नवमी हा साहेबांच्या आणि माझ्या लेखी कामाचा दिवस होता. मी आंघोळ करून, नवा ड्रेस घालून बाहेर आले तर अंगणात काकांच्या स्कूटरला झेंडूचा हार. घरात शिवणयंत्र, विळी, कात्री, काकांचा पाना, सगळं पाटावर मांडलेलं, हळदीकुंकू लावलेलं. आणि पाटाच्या मधोमध, सगळ्यात मानाच्या जागी, माझ्या फ्लॉप्या.

रबरबँड सोडला होता. दोन्ही संच दोन ओळींत नीट लावले होते. मी एक उचलली. बाहेर कुंकवाचा ठिपकाही नव्हता, म्हणून क्षणभर जीव भांड्यात पडला. मग झाकण सरकवलं. आत तबकडीवर ओल्या हळदीकुंकवाची दोन बोटं. हलवली तर आत अक्षता वाजल्या.

"आत्या, दुसऱ्या संचालाही?"

"मग? एकीला लावलं आणि दुसरीला नाही, असं कसं चालेल गं?" आत्या म्हणाली. "दारातून सवाष्ण तशीच पाठवायची का?"

मी नको ते बोलले. तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला, कळत नाही तिथे कशाला करायचं, असलं सगळं. आत्याचा चेहरा उतरला. ती निरांजन तसंच हातात धरून उभी राहिली आणि मी फ्लॉप्या पिशवीत कोंबून बाहेर पडले. त्या चालणार नाहीत हे दिसतच होतं, पण कारखान्यात जाऊन तोंड तरी दाखवायला हवं होतं. रिक्षात बसून मी सबबी जुळवल्या. बसमध्ये पाणी सांडलं, पासून ते माझी प्रकृतीच ठीक नाही, पर्यंत.

कारखान्याच्या फाटकाला केळीचे खांब बांधलेले. आत मालवाहू गाड्यांच्या चाकांखाली लिंबं. गोदामाचे मॅनेजर चक्क धोतर नेसून आले होते. त्यांनी मला गोदामाच्या ऑफिसात नेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गंधाच्या तीन रेघा होत्या, की-बोर्डवर फुलं होती. त्यांनी मला नमस्कार केला, हातावर चुरमुऱ्यांचा प्रसाद ठेवला आणि हिंदीत समजावलं की आज आयुधपूजा, आज कुठल्याच यंत्राला हात लावायचा नाही. त्यांनी कॉम्प्युटरकडे असं पाहिलं, जसं घरातलं आजारी माणूस आत्ताच झोपलंय. आता दसरा झाल्यावर या मॅडम, म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मी म्हटलं, हो तर, आमच्याकडेही अगदी असंच असतं. आणि एकही सबब न वापरता बाहेर आले.

साहेब त्या दिवशी दिवसभर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे असणार होते, म्हणून ते निघायच्या आत रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथमधून त्यांना घरीच फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "जोडसंच आहे ना?"

"त्यालाही लावलंय."

"बाहेरून?"

"आतून."

बूथवरचा मीटर पळत होता. मग त्यांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, त्यातलं बरंचसं खरं होतं. पण दसऱ्याच्या सकाळी, सुट्टी असूनही, ऑफिस उघडून नव्या फ्लॉप्या करतो आणि रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो, असं ते शेवटी कबूल झाले. ही शेवटची संधी, हेही सांगून झालं.

घरी परतले तर आत्या जेवायची थांबली होती. तिने पान वाढलं, मी पहिला घास घेतला. मग म्हणाली, "तू मला काय काय करायचं नाही ते सगळं सांगितलंस बाळ. त्यात आहे काय, ते नाही सांगितलंस. मला वाटलं, एवढी जपतेय म्हणजे हिचा जीवच असणार आत. म्हणून दार उघडून आत लावलं."

हवाई दलाच्या तळावर इंजिनं जोडणाऱ्या माणसाची बायको ती, गोदामाचा प्रोग्रॅम तिला समजला नसता असं मी का धरून चालले होते, देव जाणे. मग मी तिला सगळं सांगितलं. फ्लॉपी कशी चालते ते, साहेब काय म्हणाले ते, नोकरी कच्ची आहे तेही. तिने दोन प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचं उत्तर मला येत नव्हतं.

नवं पाकीट आलं तेव्हा तिने हात मागे घेतले. तुझं तू ठेव, म्हणाली. मी ते तिच्या हातात दिलं आणि हेब्बाळला बरोबर चल म्हटलं. प्रोग्रॅम त्या दिवशी चढला, चालला, माझी नोकरीही पक्की झाली. पण मला आठवतं ते सकाळच्या बसमधलं. आत्या पाकीट पदराखाली धरून बसली होती. शेजारी ट्रान्झिस्टर घेतलेला माणूस आला, तर त्याला तिने कन्नडमध्ये असं काही सुनावलं की तो मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला.

कारखान्याच्या फाटकाशी तिने पाकीट माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"आता नमस्कार केला तर चालेल ना गं?" तिने विचारलं. "लांबूनच करते."