लिंबांखालची कच्ची फळी

मामांच्या कमरेला एकच किल्ली असायची आणि ती घराची नव्हती. घराची किल्ली मामींकडे. मामांची किल्ली होती एका लोखंडी पेटीची, आणि त्या पेटीत असायचा शिक्का.

मामा जातिवंत सुतार, पण खुर्च्या-टेबलं करणारे नव्हेत. परदेशी जाणाऱ्या मालाखाली जे लाकडी पॅलेट घालतात, ते बनवायचे. फळांच्या पेट्या त्यावर रचायच्या आणि पॅलेटसकट कंटेनरमध्ये चढवायच्या. आता लाकूड म्हटलं की त्यात अळ्या-भुंगेरे आलेच. इथली अळी लाकडात बसून फुकट प्रवास करून परमुलखात उतरली आणि तिथल्या रानात तिनं संसार थाटला, तर निस्तरणार कोण? म्हणून पॅलेटचं लाकूड आधी भट्टीत शेकायचं. अगदी गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश ऊब पोचली पाहिजे आणि अर्धा तास टिकली पाहिजे. मग त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि भट्टीचा नंबर असलेला शिक्का उमटवायचा. हा शिक्का मारायची परवानगी त्या भागात दोघांनाच होती, त्यातले एक मामा. सख्खी भाची एकच, पण मामा म्हणायचा सगळा बाजार.

कामाला नवा माणूस आला की मामांचं प्रवचन ठरलेलं. "साल राहिलेली फळी भट्टीत जाणार नाही. आणि शिक्का मारलेल्या पॅलेटची एक फळी जरी बदलली, तरी जुना शिक्का खरवडून काढायचा, अख्खं पॅलेट पुन्हा भट्टीत, मग नवा शिक्का. एक फळी म्हणजे नुसती एक फळी नव्हे, कळलं?"

मामींना हे इतकं पाठ झालं होतं, की त्या आतूनच ओरडायच्या, "आणि भाजीत मीठ कमी पडलं तर पातेलं फोडून टाकायचं, तेही सांगा त्याला!"

तर या मामांच्या भाचीनं लिंबांचा धंदा काढला. दोन वर्षं ती बागाबागांतून हिंडली, बागाईतदारांना फवारणीच्या वह्या लिहायला लावल्या, लिंबं धुवायची-पुसायची-निवडायची शेड उभी केली, आणि आता तिचा पहिला कंटेनर निघणार होता. वीस पॅलेट मामांकडूनच घेतली. "मामा, कमी-जास्त काही नको हं," ती म्हणाली होती. "माझी लिंबं तुमच्या खांद्यावर बसून जाणार आहेत."

तपासणीच्या दिवशी मामांचं तिथं खरं तर काही काम नव्हतं. तरी सकाळी नऊलाच इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मामी म्हणाल्याही, "लिंबं तपासणार आहेत, तुम्हाला नाही."

दहाला तपासणीबाई आल्या. सडपातळ, चष्मेवाल्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत भिंग, चिमटा, बारीक ब्रश आणि एक पांढरा ट्रे. काम होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत. त्यांनी कागदावरून पेट्यांचे नंबर काढले: ही, ती, अगदी तळातली आणि नेमकी जी काढायला सगळ्यात अवघड ती. निवड करणाऱ्या बायांनी पेट्या उपसल्या. बाईंनी लिंबू-लिंबू हातात घेऊन देठाखाली भिंग धरलं. पिठ्या ढेकूण तिथंच दडतो, खवले कीडही तिथंच चिकटते. मग ट्रेवर पेटी झटकली, ब्रशनं कोपरे झाडले. शेडमध्ये एवढी शांतता, की पंख्याची कुरकूर ऐकू यावी. भाची नखं खात होती. मामा मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

साडेबाराला बाईंनी भिंग मिटलं.

"स्वच्छ आहेत. एक ठिपका नाही. दाखला आजच देते."

हा दाखला म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी कागद. तो नसेल तर लिंबं कितीही सुंदर असोत, जहाजात पाय ठेवायला मिळत नाही. निवडणाऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. भाची मामांच्या गळ्यातच पडायची बाकी राहिली होती.

आणि त्या क्षणी मामांच्या नाकाला वास आला. राळेचा, ओल्या, ताज्या कापलेल्या लाकडाचा.

शेकलेल्या लाकडाला असा वास येत नाही. मामांनी हळूच मान वळवली. सात नंबरच्या पॅलेटच्या कडेला एक फळी इतरांपेक्षा पांढरी दिसत होती. आणि मामांना आदला दिवस लख्ख आठवला. पॅलेट गाडीत चढवताना फोर्कलिफ्टचा दात लागून एक फळी मोडली होती. गाडी घाईत, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला हात कुणाला विचारत नाही. तो शेजारच्या ढिगाकडे गेला, फळी उचलली, चार खिळे ठोकले आणि मोकळा झाला. तो ढीग भट्टीत जायच्या लाकडाचा होता. जे आयुष्यभर दुसऱ्याला सांगितलं, तेच स्वतःच्या हातानं मोडलं होतं, आणि तेही भाचीच्याच मालाखाली!

"राहता राहिलं पॅलेट," बाई म्हणाल्या आणि निघाल्या रांगेकडे.

मामा झटकन सात नंबरपुढं जाऊन उभे राहिले. बाई डावीकडं सरकल्या, मामाही डावीकडं. बाई उजवीकडं, मामा उजवीकडं.

"मामा, घाम किती आलाय तुम्हाला! बरं वाटत नाही का? टेका जरा."

"नाही, नाही, छान आहे," असं म्हणत मामा बसले ते नेमके त्या पांढऱ्या फळीच्या टोकावर. चिकट ओल लागली तेव्हा कळलं, की राळ पँटीला धरलीय.

बाईंनी पाच-सहा पॅलेटवरचे शिक्के पाहिले आणि वही मिटली. "तुमच्या शिक्क्यावर मी कधी भिंग धरलं नाही, मामा. धरावंसं वाटलंच नाही. चला, सही करते."

मामांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? लिंबं निरोगी, फळी एकच, आणि कदाचित तिच्यात काही नसेलही. भाची समोर हसत उभी होती. पण वरचा तर बघतोच की! आणि तिकडच्या बंदरावर कुणी बघितलं, तर अख्खा कंटेनर परत. नाव भाचीचं जाणार.

ते उठायला गेले, तर पँट फळीला चिकटलेली. चर्रर्र आवाज झाला.

"बाई," ते म्हणाले, "भिंग धराच."

त्यांनी सगळं सांगितलं. फोर्कलिफ्ट, ढीग, चार खिळे. भाचीचा चेहरा लिंबासारखा पिवळा पडला.

"मामा! वर्षभर माझ्याशी चार वाक्यं बोलत नाही तुम्ही, आणि तोंड उघडायला आजचाच मुहूर्त मिळाला?"

"अगं..."

"अगं काय? गाडी चारला निघाली नाही तर बंदराचं फाटक बंद! हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, तेही तुमच्यामुळं!"

निवडणाऱ्या बायांतली एक हळूच दुसरीला म्हणाली, "शेपूट नाही गं, बूड अडकलंय." हसू दाबता दाबता दोघींची पुरेवाट झाली.

बाई हसल्या नाहीत. फळीजवळ वाकल्या, नखानं खरवडलं, वास घेतला. "कच्चीच आहे. हे पॅलेट बाद. आणि आता मला बाकीच्या एकोणीस पॅलेटची फळी न् फळी बघावी लागेल. मी शिक्क्यावर विसंबले, ही माझीही चूकच."

मामा नेहमी एक पॅलेट जादा द्यायचे. ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. बाईंनी आधी त्याची फळी न् फळी उलटसुलट पाहिली, मगच ते आत घेऊ दिलं. सातवरच्या पेट्या बायांनी हातोहात त्यावर रचल्या. मग फोर्कलिफ्टनं एकेक पॅलेट उचलायचं, खाली आधाराला ओंडके सरकवायचे, आणि बाई टॉर्च घेऊन वाकायच्या. मामा तर सरळ जमिनीवर आडवे झाले. इस्त्रीच्या शर्टानं शेड पुसून निघाली.

"मामा, नाकानंच तपासताय की काय?"

"डोळ्याला वय झालं, बाई. नाक अजून जवान आहे."

"नाक जवान आहे, मग काल कुठं गेलं होतं?" भाची फणकारली. पण तिनंच मामांच्या डोक्याखाली पोतं सरकवलं.

बाकी एकोणीस ठणठणीत निघाली. पावणेचारला कंटेनरचं दार बंद झालं, सील लागलं. बाईंनी दाखल्यावर सही केली आणि भाचीच्या हातात दिला. मग त्यांनी मामांकडं पाहिलं.

मामांनी न सांगता कमरेची किल्ली सोडली. "पेटी वर्कशॉपमध्ये आहे. तुमच्या माणसाला पाठवा."

"चौकशी होईल. महिना तरी जाईल. तोवर निर्यातीचं पॅलेट करायचं नाही," बाई म्हणाल्या. "नियम आहे, मामा. तुम्हाला काय सांगायचं?"

"नाहीच सांगायचं. मीच सांगत आलोय सगळ्यांना."

तीन आठवड्यांनी भाचीचा फोन आला. आवाजातूनच कळलं. "मामा, माल उतरला! लिंबं बघून खूश झालेत, पुढच्या कंटेनरचं विचारतायत."

"आणि पॅलेट?"

"अहो, लिंबांचं तर ऐका आधी!"

"ऐकलं. पॅलेट बघितली का त्यांनी?"

"बघितली. काही बोलले नाहीत."

"काही बोलले नाहीत ना? मग झालं." मामांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदा नीट जेवले. पुढच्या कंटेनरची पॅलेट भाचीनं दुसऱ्या सुताराकडून घ्यायची ठरवली होती. दुसरा इलाजच नव्हता. मामांना ते लागलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्या सुताराकडं चक्कर टाकून आले. तो म्हणाला, "मामा, भट्टी माझी आहे, तुम्ही घरी आराम करा."

आराम मामांना माहीतच नव्हता. घरी बसून त्यांनी स्वयंपाकघरासाठी कपाट करायला घेतलं. मामी लग्न झाल्यापासून ते मागत होत्या, पण सुताराच्या घरी कपाट कधी होतं? आता रोज रंधा चालला होता. आणि या कपाटाच्या फळ्यासुद्धा मामांनी आधी भट्टीत शेकून आणल्या होत्या, अर्धा तास मोजून. "कपाट कुठल्या देशात चाललंय?" मामींनी विचारलं, तर म्हणाले, "सवय मोडली की हात पुन्हा ढिगाकडं जातो."

महिना भरत आला तसा मामा सकाळ-संध्याकाळ फोनकडं बघू लागले. मामीही देवापुढं दिवा लावून उभ्या राहायच्या. मामांनी एकदा विचारलं, "काय मागतेस?"

"तुमचा शिक्का लवकर मिळू दे म्हणते," मामी डोळे मिटूनच म्हणाल्या. "पण खालचे दोन कप्पे बसल्यावर."