हसायचं विसरलेला लाल्या

आमच्या ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. माणसांचे फोन दारातल्या लॉकरमध्ये ठेवून घेतले आणि त्यांना दोन-तीन वर्षं एका बंद खोलीत बसवलं, की ती बोलण्याशिवाय दुसरं करणार काय? ओट्याखाली डब्यांची झाकणं साठतात तसे हे साठत गेले. आता ती खोलीही राहिली नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. फक्त गेमचं नाव विचारू नका. गुप्ततेच्या करारावर सही करून बसलेय!

काम व्हिडिओ गेमच्या टेस्टिंगचं. घोडबंदर रोडवरचा टॉवर, सातवा मजला. गेम बनवणार परदेशातली कंपनी, आणि तो बाजारात यायच्या आधी खेळून खेळून त्यातल्या चुका काढणार आम्ही. मी, मनीषा, टीमची लीड, राहायला कल्याणला. माझ्या टीममध्ये डोंबिवलीचा प्रसाद आणि टॉवरच्या मागच्याच गावातला केतन. बाकीचे आले नि गेले.

गेम म्हणजे एका जुन्या, गाजलेल्या ॲक्शन मालिकेचा नवा अवतार. सायबर कॅफेच्या जमान्यात त्या हिरोने पोरांना वेड लावलेलं. गळ्यात लाल स्कार्फ, म्हणून डोंबिवलीत त्याचं नाव लाल्या. लाल्या या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी मारायचा आणि पोचला की खदाखदा हसायचा. बस, एवढाच गेम. पण काय गेम होता!

प्रसादचे बाबा तेव्हा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शिफ्ट करायचे. सुट्टीच्या दिवशी बापलेक एका कीबोर्डवर बसून लाल्याला पळवत. त्या गेमच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं यायची. नव्या गेमच्या शेवटी त्या नावांत आपलं नाव असावं, एवढ्या एका इच्छेसाठी प्रसाद या नोकरीत आला होता. कंपनीचा नियम असा, की गेम बाहेर पडेपर्यंत जो टिकेल त्याचंच नाव लागणार. आधी सोडलं तर काही नाही.

*

गेमबद्दल घरीसुद्धा बोलायचं नाही अशी सक्त ताकीद होती. म्हणून परदेशातल्या लोकांनी त्याला एक खोटं नाव दिलेलं, 'पपाया'. त्यांच्याकडे असल्या नावांत फळं चालतात म्हणे.

प्रसादने घरी सांगितलं, "मी पपाया प्रोजेक्टवर आहे, यापुढे विचारू नका." बाबांनी खरंच पुढे विचारलं नाही. पण सोसायटीत कोणी विचारलं की ते अभिमानाने सांगायचे, "मुलगा पपईच्या प्रोजेक्टवर आहे. फॉरेनची कंपनी आहे."

शेजारच्या सामंतकाकांची खडवलीला थोडी जमीन आहे. एका रविवारी ते प्रसादला जिन्यात गाठून म्हणाले, "बाळा, तुझ्यासारखा माणूस घरात असताना मी बाहेर कशाला विचारू? आमच्याकडे पपई लावावी का रे?"

खरं सांगायची सोय नाही. प्रसाद म्हणाला, "काका, आमची पपई अजून नीट आलेली नाही. थोडं थांबा."

काकांनी आंबा लावला. प्रसाद म्हणतो, या प्रोजेक्टमधून कोणाचं काही भलं झालं असेल तर सामंतकाकांचं.

*

आता नव्या लाल्याबद्दल. पहिल्या दिवशी आम्ही अगदी सण असल्यासारखे जमलो. केतनने पेढे आणलेले. स्क्रीन सुरू झाला आणि लाल्या आला. स्कार्फ नाही. दाढी वाढलेली. बर्फातून हळूहळू चालतोय. त्याची आई वारलेली असते आणि ती त्याला दर दहा पावलांवर आठवते. उडी मारायच्या आधी तो थांबतो, दम खातो, मग मारतो. हसण्याचं तर नावच नाही.

केतन हातातला पेढा परत ठेवत म्हणाला, "भाई, याला झालंय काय? याला घरी सोडून येऊ का?"

पेढे दुपारपर्यंत तसेच होते.

*

आमच्या कामात प्रत्येक चूक ठरलेल्या साच्यात लिहून पाठवावी लागते. काय व्हायला हवं, काय होतंय, आणि किती वेळा होतंय. प्रसाद या बाबतीत एकदम शिस्तीचा. त्याच्या नोंदीत मला कधी हात घालावा लागला नाही. एकदा मात्र त्याने पाठवलं:

"काय व्हायला हवं: उडी मारल्यावर मजा यावी. काय होतंय: येत नाही. किती वेळा: दर वेळी."

मी घाबरले. आता वरून फोन येणार आणि मला झापणार. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीसमोर उत्तर होतं, "हे ठरवल्याप्रमाणेच आहे."

*

टेस्टिंगमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम भिंतींचं. गेममधल्या प्रत्येक भिंतीवर हिरोला आपटायचं आणि तो कुठून आरपार जातोय का ते बघायचं. दिवसच्या दिवस तेच.

आमच्या खोलीत बाहेरच्यांना सक्त मनाई होती. पण केतनचे काका कधीही यायचे. टॉवर त्यांच्याच शेतावर उभा आहे, त्यांना वॉचमन अडवणार कसा? एकदा ते केतनचा विसरलेला डबा घेऊन आले आणि प्रसादच्या खुर्चीमागे उभे राहिले. लाल्याच्या धडका चाललेल्या. काकांनी शांतपणे सगळं बघितलं.

"काय रं केतन, हा दिवसभर भितीला धडका मारतो, त्याचा पगार भेटतो?"

"हो काका. भिंत कुठे कच्ची आहे ते शोधतो तो."

"इथं आमचा शेत होता तवा आमचा रेडा पन हाच काम करायचा," काका म्हणाले. "त्याला कुनी पगार दिला नाय."

डबा ठेवून ते निघून गेले. त्या दिवसापासून भिंतींच्या कामाला आमच्याकडे 'रेडा ड्यूटी' म्हणतात. मी ती हजेरीच्या तक्त्यातही तशीच लिहायचे.

*

असा गेम ज्यांनी बनवला त्यांना आम्ही जेवताना रोज शिव्या घालायचो. मग एकदा त्यांचा मुख्य माणूस व्हिडिओ कॉलवर आला. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं, मागे खिडकीत अंधार. म्हणाला, तुम्ही हा गेम आमच्यापेक्षा जास्त खेळलाय, मोकळेपणाने सांगा.

आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारखं "व्हेरी नाइस" म्हटलं. केतनला राहवलं नाही. त्याने त्याच्या इंग्लिशमध्ये विचारलं, "सर, हा हसणार कधी?"

त्या माणसाने चष्मा वर सरकवला. मला वाटलं, गेलं आता कंत्राट. मग तो म्हणाला, "पहिल्या गेमच्या वेळी मी नवीन होतो. आवाज द्यायला माणूस परवडत नव्हता. ते हसणं माझंच आहे. कपाटात बसून रेकॉर्ड केलं होतं."

 प्रसाद उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, एकदा?"

साहेबाने इकडेतिकडे पाहिलं, चष्मा काढला आणि हसला. तेच हसणं. आम्ही खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवल्या, केतनने शिट्टी मारली. तो माणूस डोळे पुसत म्हणाला, मी वर सांगून बघतो, पण माझं फार चालत नाही.

त्याचं चाललं नाही. लाल्या शेवटपर्यंत हसला नाही. पण त्यानंतर आम्ही जेवताना त्या लोकांना शिव्या घातल्या नाहीत.

*

गेम बाहेर पडायला थोडा काळ उरला असताना प्रसादला पुण्याहून मोठी ऑफर आली. लगेच या म्हणाले. त्याने नाही सांगितलं. मी त्याला बाजूला घेऊन झापलं. "अरे, असल्या गेमवर नाव हवंय तुला? लोक शिव्या घालणार आहेत."

"ताई," तो म्हणाला, "पोरगं नापास झालं म्हणून दाखल्यावरचं बापाचं नाव खोडतात का?"

 मी त्याला चहा पाजला.

*

गेम आला आणि जे व्हायचं ते झालं. डोंबिवलीत प्रसादच्या सोसायटीखाली वडापावची गाडी लागते, तिथे बिल्डिंगचीच पोरं तावातावाने बोलत होती. "लाल्याची पार वाट लावली यार. कोणी टेस्ट केला की नाही हा? ज्याने केला त्याला आणा रे इथे."

प्रसाद तिथेच वडापाव खात होता. एकाचं लक्ष गेलं. "दादा, तू पण गेमच्याच लाइनमध्ये ना?"

"मी पपईवर होतो," प्रसाद म्हणाला आणि अजून एक मिरची मागितली.

*

बाबा आता रिटायर झालेत. आपला मुलगा कशावर काम करत होता हे त्यांना गेम आल्यावर कळलं. नाव बघायचंच म्हणाले. प्रसादने परोपरीने सांगितलं, बाबा, गेम बोअर आहे, शेवटच्या नावांचा व्हिडिओ नेटवर मिळतो, तो बघा. बाबा म्हणाले, "दुसऱ्याने जिंकलेलं मी कशाला बघू?"

आणि ते रोज खेळायला बसले. बर्फातून चालत, दम खात, लाल्याच्या आईच्या आठवणी ऐकत. मध्येच म्हणायचे, "प्रसाद, गेममध्ये काही दम नाही रे." पण सोडला नाही. दोन महिने गेले.

शेवटचा राक्षस उरला तेव्हा त्यांनी मला आणि केतनला रविवारी जेवायला बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा बाबा घामाघूम झालेले. प्रसादच्या आई, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघराच्या दारात पुऱ्यांचं पीठ मळत उभ्या. सामंतकाका सोफ्यावर. राक्षस दोनदा जिंकला, तिसऱ्यांदा पडला. नावं सुरू झाली.

ती संपेचनात. चित्रं काढणारे, संगीतवाले, हिशेबवाले, कँटीनवाले. गेम बनत असताना ज्यांच्याकडे बाळं झाली त्या बाळांचीसुद्धा नावं! काकू म्हणाल्या, "तान्ह्या बाळांची आली, आपल्याचं कधी?" प्रसाद जमिनीकडे बघत बसलेला. नेटवरचा व्हिडिओ त्याने भीतीने बघितलाच नव्हता; नाव असेल याची त्याची त्यालाच खात्री नव्हती.

तेवढ्यात तेलाचा वास आला आणि काकू गॅस बंद करायला आत पळाल्या.

आणि तेव्हाच 'टेस्टिंग, इंडिया' आलं. माझं, केतनचं आणि त्याखाली प्रसादचं, आडनावासकट. केतन ओरडला. बाबांनी पॉजचं बटण दाबलं, परत दाबलं, जोरात दाबलं. नावं थांबली नाहीत. वर गेली आणि गेम पहिल्या पानावर आला.

काकू पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. "आलं का? गेलं?"

 केतनने हळूच सांगितलं, "काका, यात शेवटचं परत खेळता येत नाही. संपला की आधीचं सगळं पुसतो. पहिल्यापासून खेळावा लागतो."

"अहो, राहू दे," काकू म्हणाल्या. "तुम्ही पाहिलंत ना? झालं."

बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि 'नवा खेळ'वर बटण दाबलं. पडद्यावर बर्फ पडायला लागला.

"तू बस इथे," ते काकूंना म्हणाले. "परत आणतो."