चप्पल घालून आत या

आमच्याकडे दवाखान्याच्या दारात चप्पल काढायची असते, हे कुणाला सांगावं लागत नाही. देऊळ, शाळा, तलाठ्याचं ऑफिस, दवाखाना, उंबरठा दिसला की पाय आपोआप मोकळे होतात. चंद्रपूरच्या ज्या दवाखान्यात दर गुरुवारी जुन्या, न भरणाऱ्या जखमांची ओपीडी चालायची, तिथे मात्र असं केलं की आतून आवाज यायचा, "कोणी काढली चप्पल? घाला पयले, मग आत या!" हा आवाज डॉक्टरीणबाईंचा. बाकावरचे सगळे त्यांना चप्पलवाल्या बाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

झाडणारी मावशी कुरकुरायची की पावसाळ्यात या खोलीत धान रोवता येईल. बाई म्हणायच्या, "फरशी पुसता येते वं. पायाचं तसं नाई." तरी मावशीच्या समाधानासाठी त्यांनी दारात दोन ओली पोती टाकून घेतली होती.

वडील गेल्यावर माझी आई गोंडपिपरीजवळचं गाव सोडून माजरीला, खाणीच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. तिची साखर जुनी. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याला, रुपयाएवढी जखम झालेली. ती दुखत नव्हती, म्हणून आईच्या लेखी ती नव्हतीच. पहिल्या गुरुवारी तिने बाईंना तेच सांगितलं, "दुखत नाई तं जखम कायची?"

"आजी, दुखत नाई हाच तं रोग हाये," बाई म्हणाल्या. "पाय झोपला हाये तुमचा. झोपलेल्या लेकराले आपण पाहतो ना येता-जाता? तसं याले पाहा लागते."

बाई बुटक्या, केस घट्ट बांधलेल्या. त्याही गोंडपिपरीकडच्याच, धानवाल्या घरातल्या, आणि पेशंटशी घरचंच बोलत. जखमेपेक्षा त्या घराचीच चौकशी जास्त करत. सकाळी उठल्यावर पहिला पाय कुठे टेकता, न्हाणीत खडबडीत फरशी आहे का, स्वयंपाक उभ्याने की बसून. मी सोबत गेलेला कर्ता मुलगा, पण सगळी उत्तरं माझ्या बायकोने दिली.

मी खाणीच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक, यांतला फरक तो कोळसा. जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास. त्यामुळे बाईंची एक पद्धत मला फार आवडली. ड्रेसिंग सुटलं की त्या जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने तिची कड उतरवून घ्यायच्या. मी त्या आकृत्या मागून घरी आणायचो आणि आलेखाच्या कागदावर ठेवून आतले चौकोन मोजायचो. चौकोन कमी होत होते. हे मी बाईंना एकदा अभिमानाने सांगितलं. त्या हसल्या. "मोजा भाऊ. पण आजी कुठी कुठी चालतात, ते बी मोजा."

चप्पल मात्र आईला पटेना. बाईंनी तिच्या पायाच्या मापाने करवून दिलेली ती चप्पल काळ्या मऊ रबराची होती. अंगठ्याखाली खोलगट खड्डा, म्हणजे जखमेवर भार येऊ नये. आमच्या भागात कुष्ठरोगाच्या शिबिरांत अशीच चप्पल वाटतात आणि ती सगळे ओळखतात. आई म्हणाली, "हे तं महारोग्याईची. घालून चार बायांत कशी बसू?"

"हो, त्याईचीच," बाई म्हणाल्या. "त्याईचे पाय वाचले यानं. मग आपण काऊन लाजाचं?" आणि त्यांनी टेबलामागून स्वतःचा पाय पुढे केला. पायात तीच काळी चप्पल.

आई घाबरली. "तुमाले काय झालं बाई?"

"काई नाई. दिवसभर उभं राहा लागते. मऊ लागते."

हिवाळाभर जखम लहान होत गेली. होळीच्या सुमाराला मात्र उलटली. कड काळी पडली, पाय सुजला, वास येऊ लागला, अंगात ताप. आईला भरती केलं. सर्जननी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं की जंतू वर चढत आहेत, गुडघ्याखालून पाय काढायची तयारी ठेवा. बाई आणि ते बराच वेळ एक्स-रे घेऊन उभे होते. हाड अजून शाबूत होतं. आधी सडलेलं काढू, थोडे दिवस वाट पाहू, असं दोघांनी ठरवलं. मी संमतीच्या कागदावर सही केली.

सडलेलं काढल्यानंतर बाई स्वतः ड्रेसिंग करायला आल्या. बोटांच्या बेचक्या पुसता पुसता थांबल्या. कापसाच्या बोळ्यावर कोळशाची बारीक कच होती, आणि तिच्यात शेंदूर.

"आजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची मातामाय कुठी हाये?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कॉलनीच्या पलीकडं. सायडिंगपाशी." कोळशाच्या वाघिणी भरतात तिथल्या त्या देवीला ती दर मंगळवारी पहाटे जात होती. जखम भरेपर्यंत अनवाणी यायचा नवस होता. "पायासाठीच ना बाई," ती म्हणाली.

माझा तोल गेला. "मी तिकडं चौकोन मोजून राह्यलो, अन् तू इकडं कोळशातून—"

"भाऊ, तुम्ही चाय पिऊन या," बाई म्हणाल्या.

मी पडद्यापलीकडेच थांबलो.

"मातामाय माय हाये ना आजी? रक्तानं भरलेला पाय घेऊन ये म्हणन का ती लेकराले?"

"पण देवाच्या दारात चप्पल कशी घालू बाई?"

"ह्याच्यात चामडं नाई. रबर हाये अन् सुताची पट्टी. तुमाले दुसरी जोडी करून देऊ, रस्त्याले न लागलेली. घरून ही घालून जा, तिथी दगडावर बसा, अन् ती घाला. ती फक्त मातेपुढची."

मग आईचा आवाज आला, "तिले हळद-कुंकू लावलं तं चालन का?"

"वरून लावा. आतून नाई."

आई घरी आली आणि तिला चालायची परवानगी मिळाली, त्या मंगळवारी बाई सकाळीच माजरीला हजर झाल्या. आई मातेपुढच्या दगडावर बसली, पिशवीतून नवी जोडी काढली, वरून कुंकू लावलं आणि पायात घातली. एका म्हातारीने टोकलंच, "काऊन वं, मातेपुढं चप्पल?" आई म्हणाली, "हे मातेचीच हाये. पाहा ना, कुंकू लागलं." बाईंनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्या म्हातारीच्या हातावर ठेवला.

दिवाळीच्या आधी जखम बुजली. मला वाटलं होतं बाई पेढे मागतील. त्यांनी आईच्या हातात एक छोटा आरसा दिला. "बुजली म्हणजे गेली नाई. रोज तळवा पाहाचा. दिसत नसन तं सुनेले दाखवाचा." तेव्हापासून जेवणानंतर आईचा तळवा पाहणं हे माझं काम झालं. बायकोने ते मुद्दाम माझ्याकडे दिलं.

काही वर्षांनी बाई आलापल्लीला गेल्या. तिकडून ओपीडीला येणाऱ्यांची परतीची बस चुकायची आणि माणसं स्टँडवर झोपायची, म्हणून त्याच तिकडे गेल्या. शेवटच्या गुरुवारी आईने त्यांना गावच्या नव्या तांदळाची थैली दिली आणि नमस्काराला वाकली. बाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. "वाकू नका आजी, सारा भार अंगठ्यावर येते." हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते.

मागच्या थंडीत आई झोपेतच गेली. तिरडीवर ठेवण्याआधी आमच्याकडे पायाचे दोन्ही अंगठे दोऱ्याने एकत्र बांधतात. शेजारच्या आजींनी दोरा बांधला आणि गाठ मारली. मी ती गाठ पाहत उभा राहिलो. मग मागच्या अंगणात जाऊन आलापल्लीला फोन लावला.

"कशानं गेल्या?" बाईंनी विचारलं.

"झोपेत. हृदयानं, म्हणते डॉक्टर."

"अन् पाय?"

"चांगला होता बाई," मी म्हणालो. "दोन्ही अंगठे बांधले आत्ता."