समईतले पेळू

सिंगापूरला आल्यापासून आईचं एकच टुमणं : "तिकीट कधी काढतेस?" बाबा गेल्यावर तिला पुण्याच्या घरात एकटीला ठेवायचं, हे मला पटेना, म्हणून मीच तिला माझ्याकडे आणलं होतं. पण इथे तिच्या हातांना काम नव्हतं. गॅलरीतून दारात, दारातून गॅलरीत, नुसत्या येरझाऱ्या! तिच्यापायी माझंही कुठे चित्त लागेना. नोव्हेना भागातल्या माझ्या ऑफिसात बसूनसुद्धा जीव खालीवर.

शेवटी आमच्याच मजल्यावरच्या जपानी बाईंनी तिला बसवलं. दोघींची भाषा म्हणजे खाणाखुणा. बाईंना होणाऱ्या नातवंडासाठी दुपटं विणायचं होतं, तेही हाताने कातलेल्या सुताचं. कापूस त्यांच्या आईने परसात पिकवलेला, आणि ती आई आता नव्हती. आमच्या हॉलमध्ये मांडलेल्या लाकडी चरकातून सरकी काढायची, बांबूच्या धनुकलीने कापूस पिंजायचा, चॉपस्टिकवर गुंडाळून कातायला पेळू, म्हणजे कापसाच्या लांबट गुंडाळ्या, करायचे. माझी आई जन्मभर वाती वळलेली. ती अशी रमली की तिकिटाचं नाव नाही.

एका संध्याकाळी घरात शिरले तर सगळीकडे धूर. समईत अंगठ्याएवढ्या वाती भकाभका जळत होत्या. बाईंनी आमच्याकडे ठेवलेले पेळू! आईला वाटलं, देवासाठीच दिलेत. जाड आहेत, पण त्यांच्याकडे वाती अशाच वळत असतील.

"अगं, विचारायचं तरी!" मी ओरडलेच. वासाने बाई धावत आल्या, समई बघून रडायला लागल्या. मी आपली सॉरी, सॉरी. आई आत जाऊन बॅग भरू लागली. झालं, आता ही राहत नाही, म्हटलं.

सकाळी बेल वाजली. दारात बाई, हातात उरलेल्या कापसाची पिशवी. इंग्रजीत म्हणाल्या, "दुपटं आखूड होईल. पण बाळ तरी कुठे मोठं असणार?" आईला काय कळलं कोण जाणे, ती डोळे पुसत चरकाशी जाऊन बसली.

ऑफिसातून परतले तर तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत ओली माती.

"सरकी पेरलीय," आई म्हणाली. "त्यांचा कापूस जाळला, परत नको का द्यायला?"

"अगं आई, बोंडं यायला महिने जातील!"

"ते का मला कळत नाही?" ती कुंडीतली माती सारखी करत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तो माझा इथे राहायचा पास वाढवून मिळतो का, बघ जरा."