समोरच्या घरातले पुरणयंत्र

पत्नी गेल्यानंतर बाराव्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमारास, मी समोरच्या बंद फ्लॅटमध्ये शिरलो आणि एक पितळी पुरणयंत्र घेऊन बाहेर आलो. पोलिसांनाही मी पहिल्याच वाक्यात एवढे सांगून टाकले होते. माझी वकील त्या वाक्यावर अजून नाराज आहे.

कर्वेनगरच्या या सोसायटीत आम्ही आणि समोरच्या बाई एकाच वर्षी राहायला आलो. दोन्ही दारांत चार पावलांचे अंतर. कुठल्याशा होळीला आमचे पुरणयंत्र समोर गेले, ते परत आले नाही. त्यानंतर दर होळीला पत्नी शिजलेली डाळ चाळणीवर वाटीने घासत बसायची आणि म्हणायची, "आपलं यंत्र समोर शिकायला ठेवलंय. अजून पास झालेलं दिसत नाही."

मी एकदा म्हटले, जाऊन मागतो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला होता. लोकांकडून वस्तू परत मागण्याचा मला संकोच नव्हता. तिने हातातली वाटी खाली ठेवली.

"मागायचं नाही. काही झालं तरी मागायचं नाही."

मला तो तिचा स्वाभिमान वाटला. मी मनातल्या मनात त्याला मान दिला आणि पुढची चौदा वर्षे गाठी असलेले पुरण मुकाट्याने खाल्ले.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. आम्हाला मूल नसल्याने सगळे विधी मीच केले. डोके भादरलेले, अंगावर उपरणे. कावळे आले, कठड्यावर ओळीने बसले आणि पिंडाकडे बघतही नव्हते. मेहुण्यांनी, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाने, हात जोडून आश्वासने द्यायला सुरुवात केली. माझ्या जेवणाखाण्याची काळजी घेऊ. कावळे ढिम्म. कपाटातली पुस्तके रद्दीत जाऊ देणार नाही. एक कावळा उलट दूर जाऊन बसला. गुरुजींनी घड्याळ पाहिले आणि दर्भाचा कावळा करायचा का, असे हळूच विचारले. तेव्हा मला काय सुचले कोण जाणे, मी मेहुण्यांच्या कानात पुरणयंत्राचे सांगितले.

ते मोठ्याने म्हणाले, "तुझं पुरणयंत्र परत आणतो. तेराव्याचं पुरण त्यातूनच काढू."

एक कावळा खाली उतरला, पिंडाला चोच लावली आणि उडून गेला. माझा कावळ्यांवर विश्वास नाही. दिलेल्या शब्दावर मात्र आहे, आणि तो पाळायला तीन दिवस होते.

समोरच्या बाई तेव्हा मुलाकडे परदेशात होत्या. फोन करून विचारता आले असते, पण मागायचे नाही हे तिने स्पष्ट बजावले होते. मी दोन दिवस या वाक्यावर विचार केला. मागायचे नाही, असे ती म्हणाली होती. आणायचे नाही, असे ती कधी म्हणाली नव्हती. इतका फरक सापडल्यावर मला बरेच हलके वाटले.

बाई गावाला गेल्या की त्यांच्या झाडांना पाणी पत्नीच घालायची, त्यामुळे त्यांची किल्ली आमच्याकडे असे. ती आजारी पडल्यावर मी किल्ली परत केली होती. पण माझी पत्नी जगातल्या प्रत्येक किल्लीची दुसरी किल्ली करून ठेवणारी बाई होती. शिवणाच्या डब्यात बटणांखाली ती किल्ली सापडली.

मी आत गेलो. यंत्र ओट्याखालच्या उजव्या कप्प्यात, एका जुन्या पंच्यात गुंडाळलेले होते. तिथल्या तिथे मी एक चिठ्ठी लिहून कप्प्यात चिकटवली: "येथील पुरणयंत्र आज दुपारी २.४० वाजता नेले आहे. अन्य कशासही हात लावलेला नाही. तुळशीस पाणी घातले आहे. माती फार कोरडी होती, याची नोंद घ्यावी. कळावे." खाली सही केली आणि फ्लॅटचा क्रमांक घातला. दार दोनदा ओढून पाहिले.

बाईंच्या मुलाने टीव्हीशेजारी कॅमेरा बसवला आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्याने तिकडून पाहिले ते एवढेच, की उपरणे पांघरलेला एक टकलू माणूस पंच्यात काहीतरी गुंडाळून नेत आहे, आणि मधेच झाडाला पाणी घालत आहे. वीस वर्षे त्याने मला केसांसकट पाहिले होते. त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवले, आणि सेक्रेटरी, जे अशा प्रसंगाची बरीच वर्षे वाट पाहत होते, तडक चौकीत गेले.

तेराव्याची पंगत बसली असताना हवालदार आले. मेहुण्यांनी त्यांना कोणाचे तरी स्नेही समजून पानावर बसवले. ते मूळचे लोणी काळभोरचे. नको म्हणाले, मग बसले, मग दोन पोळ्या खाऊन "पुरण लई मऊ हाय" असे म्हणाले. हात धुऊन त्यांनी वहीत पाहिले आणि पुरणयंत्र कोणी चोरले, असे विचारले. मी हात वर केला.

मेहुण्यांची मुलगी शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करते. चौकीत जाताना गाडीत तिने माझा बचाव तयार केला. पुढे मेहुणे होते, मागे मी, ती आणि तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी. भाची म्हणाली, परवानगीशिवाय आत शिरणे हा एक भाग आणि शिरताना मनात गुन्ह्याचा हेतू असणे हा दुसरा. आपलीच वस्तू उघड उघड आणली तर चोरीचा हेतू कुठला? मग तिने किल्लीचे विचारले. किल्ली त्यांनीच दिलेली होती ना?

"ती परत केली. ही हिने गुपचूप करून घेतलेली."

"काका, हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत."

मी म्हटले की आत्ताच बोललो. तिने खिडकीबाहेर पाहिले.

फौजदार तरुण होते. त्यांनी माझी चिठ्ठी दोनदा वाचली. हवालदारांनी माझ्याच किल्लीने दार उघडून ती कप्प्यातून काढून आणली होती. "चोर 'कळावे' लिहीत नाही," ते म्हणाले. पण तक्रार तक्रार असते; वस्तू तुमची असल्याचे काही दाखवा, म्हणजे इथेच मिटवू. नाहीतर गुन्हा नोंदवावा लागेल. तेराव्याला नवरा कोठडीत, हे तिला मुळीच आवडले नसते.

भाची मात्र खुशीत आली. आमच्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव कोरून घेतात, असे तिने फौजदारांना समजावले. यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढले, तळ रुमालाने पुसला, चष्मा लावला आणि तळ पुन्हा पुसला.

तळावर नाव होते. ते माझ्या पत्नीचे नव्हते. वहिनींचे होते, माहेरच्या आडनावासकट.

वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या दिवसभर बाहेरच्या खोलीत तसबिरीजवळ बसून होत्या आणि स्वयंपाक बाहेरच्या बाईंनी केला होता. आता त्या बाकावरून उठल्या आणि यंत्र हातात घेऊन मेहुण्यांकडे वळल्या.

"माझं यंत्र तुमच्या बहिणीनं नेलं, हे मी किती वर्षं सांगतेय?"

मेहुणे म्हणाले की आजचा दिवस तरी तो विषय नको. वहिनींनी फौजदारांनाच सांगायला घेतले. या यंत्रापायी त्यांनी एक कामवाली काढली होती, दुसरी आपणहून गेली होती, आणि नवरा दर वेळी म्हणे, माझी बहीण त्यातली नव्हे. फौजदारांनी लिहायचे थांबवले. माझा बचाव जमिनीवर पडला होता. उलट आता दोन फिर्यादी झाल्या होत्या.

शेवटी समोरच्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे सकाळ होती. माझे डोके बघून आधी त्या रडल्या. मुलाने मागून क्षमा मागितली. मग फौजदारांनी यंत्राचे विचारले.

"ते त्यांच्याच घरातलं, साहेब. मी किती वेळा परत करायला गेले. ती म्हणायची, राहू दे तुझ्याकडेच, आमच्या वहिनी अधूनमधून येतात." मग त्यांनी मला विचारले. "भाऊ, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हते. चौदा होळ्या तिने चाळणीवर डाळ घासली, माझ्यासमोर सुस्कारे टाकले, शिकायला ठेवलेल्या यंत्राचा विनोद केला. मी समोर जाऊन मागू नये, एवढ्यासाठी. आणि मी तिच्या स्वाभिमानाला मान देत गाठी गिळत होतो. मला हसू आले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. तेरा दिवसांत मी रडलोही नव्हतो धड. भाचीला वाटले मला काहीतरी होत आहे. तिने पाणी मागवले. मग तीही हसायला लागली, आणि तिच्यानंतर, तोंडाला पदर लावून, वहिनी.

बाईंनी तक्रार नसल्याचे सेक्रेटरींना लिहून पाठवले. सेक्रेटरी खट्टू झाले. यंत्र मूळ मालकिणीच्या ताब्यात दिल्याचा जबाब झाला. सही करण्याआधी वहिनींनी ते चौकीच्या नळावर स्वच्छ घासून घेतले. वाळलेले पुरण नंतर निघत नाही, म्हणाल्या. परतताना मेहुणे गाडीत हळूच म्हणाले, कावळ्याला सगळे माहीत होते. मला तसे वाटत नाही. मालकीबद्दल त्याने काहीच विचारले नव्हते.

बाई परदेशातून आल्यावर दुसरी किल्ली मी त्यांना परत केली. त्यांनी ती माझ्याच हातात ठेवली आणि तुळशीकडे बोट दाखवले.

यंदाच्या होळीला वहिनींनी मला पुरणपोळ्या पाठवल्या, एका जड, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पोळ्या मऊ होत्या, एक गाठ नाही. डब्याच्या तळाशी त्यांचे नाव आहे. असा डबा आता मिळत नाही. माझा चहाचा पुडा त्यात नेमका बसतो. त्यांनी अजून मागितलेला नाही. त्या येणार असल्या की मी तो समोर ठेवायला देतो.