भिवाचा फोटो

वर्षाली मूळची औशाची. चिंचवड स्टेशनजवळच्या छोट्या ऑफिसात ती शाळा, दवाखाने, संस्था यांच्या वेबसाइट बनवायची. कामाला चोख होती. उद्धवरावांची संस्था तिच्याकडे आली तेव्हा तिला बरं वाटलं. चाकणच्या कारखान्यांत प्रेस मशीनखाली बोटं, पंजे गमावलेल्या कामगारांना ही संस्था कृत्रिम हात बसवून द्यायची. उद्धवराव महाळुंग्याचे जुने शेतकरी. पुतण्याचा हात गेला, तेव्हापासून ते या कामात पडले होते.

"आमची साइट कोन बघतच न्हाई," ते म्हणाले.

बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. वर विश्वस्तांचे सत्काराचे फोटो, मोबाइलवर तुटणारी अक्षरं, आणि मदत कुठे द्यायची ते शेवटपर्यंत सापडायचं नाही. वर्षालीने सगळं नव्याने मांडलं. पान झटकन उघडू लागलं, मदतीचं बटण वर आलं. मग फोटो काढायला ती चाकणला गेली. तिथे भिवा भेटला. जालन्याकडचा, उजव्या पंजाची बोटं गेलेला, हसरा.

"फोटो काढू का?"

"काढा की, ताई."

तो कुठे लावणार, हे तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

तिने फेसबुकवर दोन जाहिराती चालवल्या. एकीत काम शिकणारे कामगार, दुसरीत भिवाचा चेहरा आणि पुढे धरलेला पंजा. खाली तिने स्वतःच लिहिलं, 'दोन घासांसाठी कुणाकडे बघू?' पहिलीवरून लोक सरकून पुढे जात, दुसरीवर थांबत. तिने पहिली बंद केली. मदतीचा ओघ लागला, रखडलेले हात बसू लागले. उद्धवरावांनी पेढे पाठवले.

दिवाळीनंतर भिवा ऑफिसात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"आईला हाताचं ठाऊक नव्हतं, ताई. ओव्हरटाइम हाय म्हणून गावाकडं जायचं टाळत हुतो. नवा हात बसला की जानार हुतो. शेजारनीनं तिला मोबाइलवर दाखवलं."

वर्षालीने लॅपटॉपवर ती जाहिरात उघडली.

"हाताचं तिनं सोसलं असतं. पण खालचं वाचून दाखवलं. लेक भीक मागतोय म्हणून अंथरूण धरलंय तिनं. म्या कधी कुनाला काय मागितलं का?"

तिने त्याच्यासमोरच जाहिरात काढली. पण फोटो कुठल्या कुठे गेला होता. गावाच्या ग्रुपवर तो फिरतच राहिला. संक्रांतीच्या आधी त्याची आई, गोजाबाई, गेली. भिवा चाकणला परतला नाही. त्याचा हात बसायचा राहिला तो राहिलाच.

वर्षालीने चेहऱ्यांशिवाय नवी जाहिरात केली. लोक थांबेनात. मदत आटली.

"हातासाठी मानसं थांबल्यात," उद्धवराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्यान्ला काय सांगू?"

तरी पुन्हा कुणाचा चेहरा लावायला ती तयार झाली नाही. त्यांनी काम दुसऱ्या एजन्सीला दिलं.

उन्हाळ्यात बसमध्ये मोबाइल चाळताना तिला नवी जाहिरात दिसली. पंजा गेलेली एक तरुण बाई, इंद्रायणी, थेट कॅमेऱ्यात बघत होती. वर्षालीने तिथूनच उद्धवरावांना फोन लावला.

"हा फोटो कुठं कुठं जाईल, हे सांगितलंय का तिला?"

"सांगितलंय. समदं सांगितलं," ते म्हणाले. "टाका म्हनली. तिला वळखनारं आता कोनच उरलं न्हाई."