अकरा नंबरच्या डुकरिणीचा कोपरा

“तुम्ही मोजता ती ऊब तुमच्या नाकाच्या उंचीवरची,” असं ती एकदा बोलून गेली होती.

तेव्हा ती प्रसूतिगृहात आया होती आणि समोर मोठे डॉक्टर होते. सव्वीस वर्षं तिने नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे तळपाय चाचपले, तेही हाताच्या मागच्या बाजूने. तिच्या तळहातांना घट्टे पडलेले. त्यांच्यावर तिचा भरवसा नव्हता. नोकरी संपल्यावर ती लेकीकडे राहायला आली. जावई डुकरं पाळायचा. पहिल्याच आठवड्यात ती डुकरिणी व्यायच्या शेडमध्ये शिरली आणि पुढे लेकीने तिला घरात शोधणं सोडून दिलं.

तिला नवल वाटत होतं ते वेगळंच. माणसाच्या बाळाच्या मानेपाशी ऊब तयार करणारी चरबी असते, हे ती प्रसूतिगृहात ऐकून होती. डुकराच्या पिल्लाकडे तेवढीही शिदोरी नाही. लव नावापुरती, अंग ओलंचिंब, आणि आईच्या पोटातून थेट फरशीवर. पहिल्या अर्ध्या तासात अंग दोन-तीन अंशांनी उतरतं. मग ते कुडकुडतं. कुडकुडणं हीच त्याची शेगडी आणि आईचा चीक हेच सरपण. आईला मात्र गारवा लागतो, कारण तिला घाम जवळजवळ येतच नाही. एकाच कप्प्यात दोन ऋतू.

“हे असं कसं गं?” ती लेकीला विचारायची.

“मला काय विचारतेस? तिलाच विचार.”

ती म्हणजे अकरा नंबरची डुकरीण. मागच्या दोन्ही वेतांत तिने निम्मी पिल्लं अंगाखाली चिरडली होती. शनिवारी कत्तलखान्याचा ट्रक यायचा. त्यात जाणाऱ्यांच्या फळ्यावर जावयाने खडूने अकरा लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. सकाळी ती पुन्हा व्याली. दहा पिल्लं. दुपारपर्यंत एक चिरडलं. जावयाने प्रश्नचिन्ह पुसलं. अकरा तसाच राहिला.

“काही आया वेंधळ्याच असतात, आई. त्याला आपण काय करणार?”

“ते असू दे. पण पिल्लं उबेचा दिवा सोडून तिच्या अंगाखाली जातातच का?”

“सवय.”

“चार तासांत कसली सवय, जावईबापू?”

“भिंतीवर बघा ना. दिव्याशेजारी चौतीस. अजून काय, गादी-उशी देऊ?”

थर्मामीटर भिंतीवर होता, जावयाच्या डोळ्यांसमोर. त्याची कंबर धरलेली असायची, म्हणून न वाकता वाचता येईल असा त्यानेच तो ठोकला होता. ती थर्मामीटरकडे बघत राहिली, मग तिने खाली बघितलं. दिव्याखालची फरशी रिकामी. नऊ पिल्लं आईच्या पोटाशी, एकावर एक ढीग.

तिने एप्रन काढून खिळ्याला अडकवला, कठडा ओलांडला आणि दिव्याखाली आडवी झाली. गाल फरशीला टेकवून.

“अगं आई!” लेक दारातून ओरडली. “आत्ता तर साडी बदललीस!”

जावई लेकीकडे बघून हळूच हसला.

“पाठ भाजतेय,” ती खालून म्हणाली, “आणि पोट गोठतंय.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “आणि हा वारा बघा. मागच्या दाराखालून येतो आणि बरोबर इथून जातो. मीसुद्धा आईकडेच गेले असते.”

तिने दिवा समोरच्या कोपऱ्यात हलवून घेतला. खाली कोरड्या पेंढ्याचा जाड थर टाकला. दाराखालची फट बुजवली नाही. डुकरिणीला तो गारवा हवाच होता. पिल्लं एकेक पुसून पेंढ्यावर ठेवली आणि स्वतः उलट्या बादलीवर बसली.

आधी त्यांनी तिथेही ढीगच केला. जावई जायला निघाला होता, पण गेला नाही. हळूहळू वरचं पिल्लू घसरलं, मग दुसरं. लांब लांब पसरली असती तर उकडतंय म्हणायचं. ती पसरली नाहीत. शेजारी शेजारी लागून पडली, हाताची बोटं पडतात तशी.

तेवढ्यात अकरा नंबर उठली. जागच्या जागी वळली आणि भिंत कोसळावी तशी धप्पकन खाली बसली. तिघांनीही श्वास रोखला. तिच्या अंगाखाली कुणीच नव्हतं.

जावई कठड्यावरून आत आला. कंबर धरून वाकला, गुडघे टेकले आणि जुन्या कोपऱ्यात आडवा झाला. गाल फरशीला.

“आई,” तो खालूनच म्हणाला, “इथं तर केवढा वारा...”

मग उठला, फळ्यापाशी गेला आणि कोपराने अकरा पुसून टाकला.

तिच्या हातात एक पिल्लू होतं. तिने त्याचा कान हाताच्या मागच्या बाजूने चाचपला, ते रांगेत परत ठेवलं, नळावर हात धुतले, खिळ्यावरचा एप्रन काढून खांद्यावर टाकला आणि बाहेर गेली.